साडेसात मीटर

सन्माननीय अध्यक्ष महोदय, विद्यमान प्राचार्य, व्यासपीठावर बसलेले क्रीडा मंडळाचे प्रतिनिधी आणि सत्कार समितीचे चिटणीस, पहिल्या रांगेत बसलेले आमचे सर, माझ्याबरोबर आज ज्यांचा सत्कार होतो आहे ते माजी खेळाडू, जमलेले शिक्षक, विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आणि मागे दाराशी ताटकळत उभे असलेल्यांनो. तुम्ही आत या. पुढे चार खुर्च्या रिकाम्या आहेत, त्या शोभेसाठी ठेवलेल्या नाहीत.

मला पाच मिनिटं दिली आहेत. मी बत्तीस वर्षं रुग्णालयात नोकरी केली, त्यातली शेवटची अकरा वर्षं मेट्रन म्हणून. पाच मिनिटांत काय काय होऊ शकतं हे मला चांगलं ठाऊक आहे. तरीही आज मला थोडी जास्त लागतील. अध्यक्ष महोदय, आपण घंटी वाजवलीत तर मला ऐकू येईल, कान शाबूत आहेत. पण मी थांबेनच असं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

सर्वप्रथम आभार. पुष्पगुच्छाबद्दल, चहाबद्दल, आणि माझ्याबद्दल इथे जे गोड गोड बोललं गेलं त्याबद्दल. सूत्रसंचालकांनी मला 'आठशे मीटरची राणी' म्हटलं. समोरच्या भिंतीवरच्या विक्रमांच्या फलकाकडे बोट दाखवून ते म्हणाले, बघा, सदतीस वर्षं झाली, हा विक्रम कोणाला मोडता आला नाही. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मी त्या ऐकून घेतल्या. आता त्या परत घ्या.

माझ्याकडे आज दोन कामं आहेत. सत्कारमूर्तींच्या वतीने बोलायचं आणि आमच्या सरांचं मानपत्र वाचून ते त्यांच्या हाती द्यायचं. मानपत्र मला तीन दिवस आधी वाचायला पाठवलं, हे समितीचं सौजन्य. कागद जाड आहे, किनार सोनेरी आहे, छपाई सुबक आहे. त्यात एक वाक्य असं आहे : 'नऊ वर्षांच्या निष्ठावान सेवेनंतर वैयक्तिक कारणास्तव त्यांनी प्रशिक्षकपदाचा राजीनामा दिला.'

मी चिटणीसांना लगेच फोन केला. म्हटलं, हे वाक्य बदला, हे खोटं आहे. ते अत्यंत नम्रपणे म्हणाले, "मॅडम, छापून झालंय हो. आणि आता जुनं कशाला उकरायचं? आनंदाचा प्रसंग आहे. लोकांना बरं वाटलं पाहिजे."

लोकांना बरं वाटावं म्हणून ज्याला एकशेतीन ताप आहे त्याच्या तक्त्यावर मी कधी नव्व्याण्णव लिहिला नाही. माझ्या हाताखालच्या कोणी लिहिला असता तर ती मुलगी दुसऱ्या दिवशी माझ्या वॉर्डात दिसली नसती. तेव्हा हे वाक्य मी वाचणार नाही. त्याच्या जागी काय हवं, ते सांगते.

आजच्या विद्यार्थ्यांना माहीत नसेल म्हणून सांगते. तेव्हाही हे कॉलेज काम करणाऱ्यांचंच होतं. मी सकाळपाळीला रुग्णालयात आया होते आणि दुपारी इथे वर्गात बसायची. आमच्यातली एक टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. ती इतकी बारीक आणि बोलायला इतकी टोकदार, की तिला सगळे टाचणी म्हणायचे. संध्याकाळी साडेपाचला आम्ही मैदानावर यायचो. सर जिन्याखालच्या खोलीतून बाहेर यायचे. एका हातात स्टॉपवॉच, दुसऱ्या हातात मोजपट्टी. माणसाला घड्याळ लागतं हे समजतं, पण यांना सतत मोजपट्टी कशाला? उडी मोजायची, पावलं मोजायची, दोन अडथळ्यांमधलं अंतर रोज मोजायचं. कालच मोजलं होतं की सर, असं म्हटलं तर म्हणायचे, "काल काल होता. पुन्हा." पाठीमागे आम्ही त्यांना टेपमास्तर म्हणायचो. सर, तुम्हाला हे माहीत होतं ना? मान हलवतायत. होतं.

आता एक गंमत ऐका. आपल्या मैदानावर आम्ही वाऱ्यासारख्या धावायचो. बाहेरच्या मैदानावर गेलो की गाडी अडायची. मीच नाही, सगळ्याजणी. चारशेवाली, पंधराशेवाली, टाचणी, मी. घरी पहिल्या, बाहेर चौथ्या नाहीतर पाचव्या. तेव्हाचे प्राचार्य, ते आज हयात नाहीत, आम्हाला ओळीने त्यांच्या खोलीत उभं करायचे. म्हणायचे, "मुलींनो, तुमच्या पायात दम आहे, पण काळजात नाही. अनोळखी माणसं बघितली की तुम्ही गळपटता. घरी जाऊन आरशासमोर उभ्या राहा आणि स्वतःला विचारा." आम्ही खरोखरच आरशासमोर उभ्या राहायचो हो. वीस-बावीस वर्षांच्या मुली. मी स्वतःला विचारायची, तू भित्री आहेस का? आणि आरशातली म्हणायची, असेन बाई.

एका बाहेरच्या स्पर्धेत टाचणी सहावी आली. प्राचार्यांनी तिला संघातून काढलं. कारण लिहिलं, 'मानसिक दुर्बलता'. हे दोन शब्द सूचनाफलकावर लागले, टाचणीच्या नावासमोर, सगळ्या कॉलेजनं वाचावेत असे. तिच्या ऑफिसातली एक मुलगी आपल्याच कॉलेजात होती. दुसऱ्या दिवशी एक्स्चेंजमध्ये कोणीतरी तिला विचारलं, "काय गं, अनोळखी माणसाचा फोन आला तर उचलशील ना?"

सर त्या दिवशी प्राचार्यांच्या खोलीत गेले. दार उघडं होतं, मी बाहेर उभी होते. सर म्हणाले, "एक मुलगी एकदा घाबरली, मान्य. पण सगळ्या मुली, प्रत्येक वेळी, अंतराच्या हिशेबात तेवढ्याच सेकंदांनी घाबरतात? भीतीला इतकं अचूक घड्याळ नसतं, साहेब. मला मैदान मोजायचंय."

प्राचार्य म्हणाले, "मैदान? मैदानाला काय झालंय?"

रविवारी सकाळी सहाला आम्ही तिघं मैदानावर होतो. सर, टाचणी आणि मी. दव पडलेलं, बूट ओले. पन्नास मीटरची पोलादी पट्टी. शून्याचं टोक माझ्या हातात, पुढचं टोक टाचणीच्या हातात, आणि सर मध्ये वाकून, वळणावर दर दोन पावलांना खिळा ठोकत. एक फेरी चारशे मीटरची हवी. निघाली तीनशे ब्याण्णव मीटर आणि वर साठ सेंटिमीटर. सर म्हणाले, "पुन्हा." दुसऱ्यांदा तीनशे ब्याण्णव चाळीस. "पुन्हा." तिसऱ्यांदा तीनशे ब्याण्णव पन्नास.

साडेसात मीटर कमी.

हे कसं झालं? कोणी लबाडी केली का? नाही. मैदानाची आखणी करणारे काका होते, चुन्याची गाडी ढकलत रेषा मारायचे. सज्जन माणूस. दर मोसमात ते गेल्या वर्षीच्या पुसट रेषेवरून चालायचे. मात्र नेमके तिच्यावरून नाही, कारण जुन्या चुन्यात चाक घसरायचं. चाक ते रेषेच्या आतल्या कडेला ठेवायचे. चार बोटं आत. पहिल्या वर्षी चार बोटं, दुसऱ्या वर्षी आणखी चार. असं सोळा वर्षं. दोन्ही वळणं मिळून मैदान आकसत गेलं आणि कोणाला पत्ता लागला नाही. सोळा वर्षांत एकालाही वाटलं नाही की रेषा मारण्याआधी एकदा मोजावं. सरांनी विचारलं तेव्हा काका गोंधळून म्हणाले, "साहेब, रेष तर होतीच की. मी तिच्याच बाजूनं गेलो."

त्यांना मी दोष देत नाही. पुढे जे झालं त्याचा दोष देते.

एका फेरीत साडेसात, म्हणजे आठशेत पंधरा मीटर. पंधरा मीटर धावायला मला अडीच सेकंद लागत. माझ्या आधीचा विक्रम होता दोन मिनिटं सतरा पूर्णांक आठ. आपल्याच कॉलेजच्या मुलीचा, बाहेरच्या मैदानावरचा, म्हणजे खरा. मी तो दोन सोळा पूर्णांक चारने मोडला होता, दोनच महिन्यांपूर्वी, या मैदानावर. करा हिशेब. मी काहीही मोडलं नव्हतं. मी सातशे पंच्याऐंशी मीटर धावले होते.

टाचणी त्या ओल्या गवतावर बसली आणि हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. "म्हणजे मी भित्री नाही," एवढंच म्हणत राहिली. "सर, मी भित्री नाही ना?" सर म्हणाले, "तू साडेसात मीटर लांबच्या मैदानावर धावत होतीस, बाळ."

आणि मी? माझ्या हातात शून्याचं टोक होतं. मी ते खाली टाकलं आणि घरी निघून आले.

सरांनी क्रीडा मंडळाला पत्र लिहिलं. एक पान. फेरीची लांबी, तीन मापं, आणि या मैदानावर झालेले सगळे विक्रम रद्द करावेत अशी विनंती. पत्र प्राचार्यांमार्फत जायचं होतं. ते प्राचार्यांच्या टेबलाच्या खणात गेलं आणि तिथेच राहिलं. कारण त्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन अजिंक्यपद आपण याच मैदानावर जिंकलं होतं, नव्या गॅलरीचं उद्घाटन तोंडावर होतं, आणि हा फलक, जो तुम्ही बघताय, रंगून तयार होता.

आठवड्याभरात कार्यालयात एक पत्र टाइप होऊन आलं. खेळाडूंच्या वतीने. मजकूर माझ्या तोंडपाठ आहे : 'प्रशिक्षकांच्या संशयी व नकारात्मक वृत्तीमुळे आम्हा खेळाडूंचे मनोधैर्य खच्ची होत असून त्यांच्या मार्गदर्शनाखाली सराव करणे आम्हास अशक्य झाले आहे.' खाली सह्यांसाठी अकरा ओळी आखलेल्या होत्या. त्या रेषा मात्र अगदी मोजून मारलेल्या होत्या.

टाचणीला बोलावलंच नाही. ती आता खेळाडू नव्हती.

पहिली सही माझी.

मला कोणी धमकावलं नव्हतं. प्राचार्य एवढंच म्हणाले, "बेटा, तुझा विक्रम जाईल." एवढं पुरलं. ज्या माणसाने मला धावायला शिकवलं, ज्याच्याबरोबर मी तीनदा ती पट्टी धरली, त्याच्याविरुद्ध मी सही केली. माझ्या मागे दहा जणांनी केली. त्यातले चौघं आज या व्यासपीठावर माझ्या बाजूला बसले आहेत. पुष्पगुच्छ मांडीवर घेऊन. मी नावं घेणार नाही. त्यांना आपापलं नाव येतं.

हे होतं सरांचं 'वैयक्तिक कारण'. तीन दिवसांत जिन्याखालची खोली रिकामी झाली. पुढची चौदा वर्षं सरांनी एका प्राथमिक शाळेत कवायत शिकवली. एक दोन, एक दोन.

आणि आता मला सर्वांत जास्त राग कशाचा आहे ते सांगते. सही केली याचा राग माझा माझ्यावर आहे, तो मी बघून घेईन. पण पुढच्या मोसमात या कॉलेजनं काय केलं? गाजावाजा न करता बाहेरून माणूस बोलावला, मैदान नव्याने मोजून घेतलं आणि रेषा योग्य जागी मारल्या. म्हणजे सर बरोबर होते हे यांना माहीत होतं. रेषा दुरुस्त केल्या. फलक दुरुस्त केला नाही. ज्यानं चूक दाखवली त्याला परत बोलावलं नाही. त्या मुलींना बोलावून कोणी सांगितलं नाही की तुमच्या काळजात काही कमी नव्हतं. टाचणी पुन्हा कधी धावली नाही. समितीने तिला आज प्रेक्षक म्हणून आमंत्रण पाठवलं होतं. मी फोन केला, ये म्हटलं. ती म्हणाली, "मी कशी येऊ? अनोळखी माणसं बघून घाबरते ना मी." आणि ठेवून दिला. साठीची बाई आहे ती. दोन नातवंडं आहेत तिला.

कोणी म्हणेल, बाई, ही सदतीस वर्षांपूर्वीची गोष्ट, आता कोणाचं काय अडलंय? मीही काल रात्री भाषण जरा सौम्यच लिहिलं होतं. मग मघाशी चहाच्या वेळी एक मुलगी माझ्यापाशी आली. तिसऱ्या वर्षाला आहे, सकाळी एका छापखान्यात कामाला जाते, बोटांना शाई होती. मला म्हणाली, "मॅडम, एक विचारू? तुम्ही शेवटचे दोनशे कसे धावायचात? मी तीन वर्षं तुमच्या मागे आहे, पण तुम्ही सापडतच नाही."

मी विचारलं, तुझी वेळ काय? म्हणाली, "दोन सतरा पूर्णांक एक. गेल्या महिन्यात, बाहेरच्या स्पर्धेत. आमचे प्रशिक्षक म्हणाले, चांगलंय, पण विक्रम नाही."

दोन सतरा पूर्णांक एक. खरा विक्रम दोन सतरा पूर्णांक आठ. तो या मुलीनं गेल्या महिन्यात मोडला आहे आणि या कॉलेजात ते कोणालाही माहीत नाही, कारण मध्ये मी सोनेरी अक्षरांत आडवी पडले आहे. तिला काय सांगू, शेवटचे दोनशे कसे धावायचे? पंधरा मीटर आधी थांबायचं, असं? ती पाचव्या रांगेत बसली आहे, निळ्या ट्रॅकसूटमध्ये. मुली, उभी राहा जरा. लाजू नकोस. टाळ्या वाजवायच्या असतील तर आता वाजवा, या हिशेबाच्या आहेत.

बस आता खाली.

अध्यक्ष महोदय, घंटीवरचा हात काढलात, आभारी आहे.

दोन आठवड्यांपूर्वी मी सरांकडे गेले होते. एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत, दुसऱ्या मजल्यावर लेकीकडे राहतात. लेकीनं चहा दिला आणि म्हणाली, "बाबा खिडकीतून समोरच्या बागेतल्या मुलांना ओरडत असतात, हात हलवा म्हणून." मी सत्काराचं सांगितलं. तर म्हणाले, "कशाबद्दल?" मी म्हटलं, सर, त्या सह्यांच्या कागदावर पहिली सही माझी होती. म्हणाले, "ठाऊक आहे. तुझं पहिलं अक्षर तू फार लांब ओढतेस."

"रागावला नाहीत?"

"रागावलो की. सात-आठ वर्षं चांगला रागावलो. मग शाळेत एकेका वर्गात पन्नास पोरं, त्यात वेळ मिळेना."

मानपत्र आल्यावर मी त्यांना फोनवर ते वाक्य वाचून दाखवलं. म्हणाले, "कारण चुकलंय." बाकी काही नाही. रडणं नाही, तक्रार नाही. माप चुकलंय म्हणावं तसं म्हणाले, कारण चुकलंय.

तेव्हा हे मानपत्र. चिटणीस, उठू नका, कागद तुमचाच आहे पण पेन माझं आहे. 'वैयक्तिक कारणास्तव' हे वाक्य मी तुमच्यासमोर खोडते आहे. खाली हातानं लिहिलेलं वाक्य वाचते :

'कॉलेजचे मैदान साडेसात मीटर कमी आहे हे त्यांनी मोजून दाखवले, म्हणून त्यांना काढण्यात आले. त्यांचे माप बरोबर होते.'

सर, काही म्हणालात? माईक द्या त्यांना जरा. नको? मग मोठ्यानं म्हणा.

'पुन्हा' म्हणतायत.

बरं सर. पुन्हा वाचते. 'कॉलेजचे मैदान साडेसात मीटर कमी आहे हे त्यांनी मोजून दाखवले, म्हणून त्यांना काढण्यात आले. त्यांचे माप बरोबर होते.'

प्राचार्य महोदय, फलकावरची माझी ओळ उद्या सकाळपर्यंत पुसली जावी. शिडी लागेल. रंगारी मिळाला नाही तर मला कळवा, मी येईन, शिडीवर मी अजून चढू शकते. त्या जागी कोणाचं नाव घालायचं ते मी सांगायला नको. आणि क्रीडा मंडळाचे प्रतिनिधी इथेच बसले आहेत, तेव्हा सरांचं पत्र आता कोणाच्या खणातून जायची गरज नाही. त्याची प्रत सरांनी जपून ठेवली होती. ती या लिफाफ्यात आहे. घ्या. पोचपावती मला आत्ताच हवी.

समितीनं मला बोलावलं, बोलू दिलं, आपण सर्वांनी ऐकून घेतलं, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. सभागृहाचा वेळ जास्त घेतला, कोणाचा मान राखायचा राहिला असेल, कोणाला शब्द लागला असेल, तर वयाकडे बघून सोडून द्या. सह्यांबद्दलची क्षमा मात्र तुमच्याकडे मागत नाही. ती ज्यांच्याकडे मागायची ते पहिल्या रांगेत बसले आहेत, आणि एक बाई घरी फोनजवळ बसली आहे. तिच्याकडे मी इथून सरळ जाणार आहे.

मानपत्राच्या खाली मी रेषा आखल्या आहेत. अकरा. त्या वेळी आपण ओळीने उभे राहून सह्या केल्या होत्या, क्रम सगळ्यांना आठवत असेल. आजही त्याच क्रमाने या. जे आले नाहीत त्यांच्या ओळी रिकाम्या राहतील, राहू द्या.

पहिली माझी. ही झाली. सर, पहिलं अक्षर लांब ओढलंय, बघून घ्या.

दुसरी सही कोणाची होती? चला, पेन उघडंच आहे.